पैसा कोणाचा?

हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेली ‘स्कॅम १९९२’ ही दहा भागांची नाट्यमालिका २०२० साली आली. हर्षद मेहता या दलालाची ही कथा सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. प्रतीक गांधी यांनी मुख्य भूमिका अशी वठवली आहे, की सामान्य घरातला हा मनुष्य वरळीच्या समुद्राकाठी प्रशस्त घरात राहावयास गेला म्हणजे प्रेक्षकाला आपणच वर चढल्यासारखे वाटते.

महत्त्वाकांक्षा हा काही गुन्हा नव्हे. आपले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. धाडस आणि नफा या गोष्टी या भूमीला परक्या नाहीत. परंतु कामगार चळवळीत वावरल्यामुळे आम्हांला एक सवय जडली आहे. कोणी झपाट्याने मोठा झाला, की आम्ही विचारतो : यात पैसा कोणाचा लागला? तोच प्रश्न या कथेला विचारून पाहू.

बँकांना आपल्या ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी रोकड हवी असली, की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकी आणि ठरल्या दिवशी थोड्या चढ्या भावाने परत घेई. मधला फरक म्हणजे व्याज. याला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. प्रत्यक्ष रोखे मात्र सहसा हलत नसत. त्यांच्याऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती दिली जाई. दोन्ही बँकांची गाठ घालून देणारा तो दलाल.

येथेच भगदाड पडले. बँकेच्या नावाने निघालेला धनादेश दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला. पुढे तर ज्यांच्यामागे रोखेच नाहीत, अशा पावत्या निघाल्या. हा पैसा शेअर बाजारात ओतला गेला आणि काहीशे रुपयांचा ए.सी.सी.चा शेअर ९,००० रुपयांच्या घरात गेला. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांनी स्टेट बँकेतील ५०० कोटींच्या तुटीची बातमी फोडली. जानकीरामन समितीने पुढे मोजलेली एकूण तूट ४,००० कोटींहून अधिक भरली.

अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक होती आणि आपल्या सातारा जिल्ह्यातील बँक ऑफ कराडही होती. १९९२ सालीच कराडची ही बँक अवसायनात गेली. १९९४ साली ती बँक ऑफ इंडियाने घेतली. १९९२ साली ठेवीवरील विम्याची मर्यादा होती अवघी ३०,००० रुपये. आता पाहा : पतपेढीतून मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या कामगाराला दोन जामीनदार आणावे लागतात, पगारपत्रक दाखवावे लागते. इकडे कोट्यवधी रुपये एका कागदावर गेले, आणि त्या कागदामागे काय आहे हे कोणी उघडून पाहिले नाही.

नाट्याला एक नायक लागतो, म्हणून पडद्यावर एकाचीच हाव मोठी दिसते. वस्तुतः पावतीवर सही करणारा अधिकारी, नफ्याच्या आकड्यावर खूष असलेली बँक आणि भाव चढताना प्रश्न न विचारणारे गुंतवणूकदार, हे सारे त्या हावेचे भागीदार होते. हर्षद मेहता ३१ डिसेंबर २००१ रोजी कैदेत असतानाच वारला. त्याच्यामागून कायदे कडक झाले, कागदी व्यवहारांची जागा संगणकाने घेतली. हाव मात्र संपली नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एका बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांआड दडवलेली निघाली, आणि खातेदाराला प्रथम स्वतःचे फक्त १,००० रुपये काढता येत होते. २०२० पासून ठेव-विम्याची मर्यादा पाच लाख रुपये झाली आहे. पण त्यापलीकडची रक्कम बँकेच्या सचोटीवरच उभी असते. म्हणून आमचे श्रोत्यांना सांगणे एवढेच, की असली नाट्ये अवश्य पाहावीत, नटाला टाळ्याही द्याव्यात. मात्र आपल्या बँकेचा वार्षिक अहवाल मागून वाचावा, सहकारी बँक असेल तर सभासदाने वार्षिक सभेला जावे आणि उभे राहून विचारावे : आमचा पैसा कोणाला दिला आहे?