उसन्या कातडीची पेढी

उपकाराची परमावधी सांगताना मराठी माणूस म्हणतो, ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले, तरी हे ऋण फिटायचं नाही.’ मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या त्वचापेढीत कातडं देणारा मात्र कुणाचंच काही देणं लागत नसतो. तो मेलेला असतो, आणि घेणाऱ्याची त्याची कधी गाठही पडलेली नसते. डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली ही पेढी उभी केली.

ती कशासाठी, हे जळिताच्या वॉर्डात कळतं. स्टोव्हचा भडका असो की उकळतं पाणी, भाजणं काही क्षणांचं असतं. माणूस दगावतो तो बहुधा नंतर. पहिले दोन-तीन दिवस अंगातलं पाणी झरून जातं. सलाइनने ते सावरलं की जंतूंची पाळी येते. खोल जळलेली कातडी चामड्यासारखी कडक होते. तिच्यातल्या रक्तवाहिन्याही जळलेल्या असल्याने शिरेतून दिलेलं प्रतिजैविक तिथवर नीट पोचत नाही. जंतूंचं मात्र तिथे आयतं फावतं. सुडोमोनास या जंतूने ठाण मांडलं की ड्रेसिंग हिरवट होतं आणि गोडसर वास सुटतो. जंतू रक्तात उतरले की एकेक अवयव निकामी होऊ लागतो.

सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम त्यांना थोपवतं. पण मेलेली कातडी जागेवर आहे तोवर त्यांचं दाणापाणी चालूच राहतं. ती आपोआप सुटायची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच काढावी, हे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झोरा यांझेकोविच या सर्जनबाईंनी १९७०मध्ये जगापुढे मांडलं. धारदार पात्याने पापुद्र्यामागून पापुद्रा तासायचा. बारीक थेंबांनी रक्त फुटलं की हात थांबवायचा. रक्त फुटलं म्हणजे तिथे जीव आहे.

तासलेली जागा उघडी ठेवता येत नाही. म्हणून रुग्णाच्याच मांडीवरून डर्माटोम या यंत्राने पातळ पापुद्रा काढतात आणि मेशरमधून फिरवून त्याची जाळी करतात; म्हणजे तो ताणून जास्त जागा झाकतो. मोठ्या जळितात हा हिशेब कोलमडतो. सर्जनच्या मापात एक हात म्हणजे अंगावरच्या कातडीचे ९ टक्के, एक पाय १८ टक्के. ६० टक्के भाजलेल्या माणसाकडे धड कातडी उरते ४० टक्के, आणि त्यात चेहरा, तळहात, तळपायही आले. तो बिचारा कुठून आणणार?

पेढी इथे उपयोगी पडते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा काढावी लागते. पथक घरीसुद्धा येतं. मांड्या, पाय आणि पाठीवरचा फक्त वरचा थर घेतात. पाऊण तासात काम होतं. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, पट्ट्या बांधून देह नातलगांच्या स्वाधीन केला जातो. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, ब किंवा क प्रकारची कावीळ, त्वचेचा कर्करोग वा संसर्ग असेल तर मात्र त्वचा घेत नाहीत. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंश सेल्सिअसला ती पाच वर्षांपर्यंत टिकते.

गंमत अशी, की ही कातडी कायमची चिकटतच नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला परकी ठरवून टाकून देतं. मग उपयोग काय? घराचा स्लॅब पक्का होईपर्यंत सेंटरिंगच्या फळ्यांचा जो, तोच. तेवढ्या दिवसांत ती जखम झाकते, पाणी झरणं रोखते, जंतूंना आडवी येते, ड्रेसिंगच्या वेळच्या यातना कमी करते. तोवर मांडीवरची जागा भरून येते आणि तिथूनच पुन्हा पापुद्रा काढता येतो. फळ्या निघतात, घर उभं राहतं.

आज ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. अडचण एकच: घरात मृत्यू झाल्यावर पहिले सहा तास रडण्यात आणि नातेवाइकांची वाट पाहण्यात जातात. नेत्रदान तरी कुणाला तरी आठवतं. त्वचादान आठवत नाही. म्हणून हे बोलणं सगळे धडधाकट असताना, जेवणाच्या ताटावरच व्हायला हवं. जवळच्या त्वचापेढीचा नंबर आजच शोधा आणि गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.