जुन्या स्पीकरचा आवाज दबलाय? ट्वीटर बदलण्याआधी क्रॉसओव्हर तपासा

बोईसर-तारापूर किंवा पालघरमधल्या एखाद्या घरात माळ्यावरचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्पीकर खाली उतरतात. आवाज येतो, पण तबल्याची चाट ऐकू येत नाही. ‘ट्वीटर गेला’ असा निदानाचा शिक्का बसतो. प्रत्यक्षात ट्वीटर ठणठणीत आणि दोष क्रॉसओव्हरमध्ये, असंही असू शकतं.

क्रॉसओव्हर म्हणजे खोक्याच्या आतलं आवाजाची वाटणी करणारं सर्किट. कॉइल वूफरकडे खालचे स्वर जाऊ देते. कपॅसिटर तेच स्वर ट्वीटरपासून अडवतो. स्वस्त पडतात म्हणून अनेक जुन्या स्पीकरमध्ये नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असत. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षं सुकतो, आतला रोध वाढतो आणि मूल्य सरकतं.

किती फरक पडतो? ८ ओहमचा ट्वीटर आणि ६.६ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर असेल, तर वाटणी साधारण ३००० हर्ट्झला होते. कपॅसिटर ४.७ चा झाला की ती ४२०० वर जाते. हौसेने १० चा बसवला तर २००० वर येते आणि नको तो भार पडून ट्वीटर जळू शकतो. ‘मोठा कपॅसिटर, मोठा आवाज’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

किनारपट्टीवर वेगळीच भानगड. खारट, दमट हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो. गंधकयुक्त वायू असतील तर तांबं काळवंडतं. त्यामुळे आधी टर्मिनल घासा, सैल जोडांना पुन्हा डाग द्या. कधी कधी काम तिथेच संपतं. वूफरची फोमची कड कुजली असेल, तर मात्र क्रॉसओव्हर कितीही बदला, उपयोग नाही.

कपॅसिटर मीटरवर मोजूनच बदला. पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे कपॅसिटर सुकत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग शोधता येतात. मूळ मूल्य जुळणं महत्त्वाचं, हजारोंचा ‘ऑडिओफाइल’ शिक्का नव्हे. नव्याचा रोध अगदी कमी असल्याने ट्वीटर टोचरा वाटू शकतो. तेव्हा मालिकेत अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर लावतात. कॉइलला सहसा हात लावू नये. ती सुकत नाही, आणि वेगळ्या रोधाची बसवली तर खर्ज बदलतो.

तारा सोडवण्याआधी फोटो काढा. एकाच स्पीकरचं काम आधी करा, मग तेच गाणं मोनोमध्ये दोन्हींवर आलटून पालटून ऐका.