ग्लिसरीनने ग्लिसरीन काढताना

बायोडिझेलची मूळ कृती तास-दीड तासाची. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा मिसळून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ढवळत राहिले की तेलातली मेदाम्ले मिथेनॉलशी जोडली जातात आणि ग्लिसरीन मोकळे होते. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन सुटते. ढवळणे थांबले की ते जड असल्याने तळाशी बसते आणि खालची तोटी उघडून बरेचसे काढून घेता येते.

खरी मेहनत पुढची. वरच्या सोनेरी थरात ग्लिसरीनचे सूक्ष्म थेंब, मिथेनॉल, साबण आणि कॉस्टिकचा अंश राहून जातो. तसेच इंधन वापरले तर ग्लिसरीन टाकीच्या तळाशी साचते, इंजेक्टरवर थर धरते आणि जळताना त्यातून ॲक्रोलीन हा डोळे-घसा झोंबवणारा विषारी पदार्थ तयार होऊ शकतो. म्हणून युरोप आणि अमेरिकेच्या मानकांनी मोकळ्या ग्लिसरीनची मर्यादा ०.०२ टक्के ठेवली आहे. म्हणजे टनभर इंधनात फक्त २०० ग्रॅम.

हे साधण्याचा जुना मार्ग पाण्याने धुण्याचा. कोमट पाण्याचा हलका फवारा वरून सोडायचा, पाणी खाली बसू द्यायचे, काढायचे, पुन्हा धुवायचे. हात जड पडला तर साबणामुळे सगळे दुधाळ होते आणि ते थर तासन्‌तास वेगळे होत नाहीत. नंतर इंधन तापवून वाळवायचे, त्यात पुन्हा ऊर्जा जाते. आणि मागे उरते साबण, मिथेनॉल, तेल यांनी भरलेले पाणी. असे पाणी ओढ्यात गेले तर त्यातला प्राणवायू संपतो. पर्यावरणासाठी म्हणून जे इंधन बनवायचे, त्याच्या कारखान्यामागे हे पाणी साचावे, हे मला पटत नाही. मॅग्नेशियम सिलिकेटची भुकटी किंवा रेझिन वापरून कोरडी धुलाईही होते, पण वापरून झालेल्या भुकटीची विल्हेवाट लावावी लागतेच.

वेगळी वाट इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातून निघाली. ॲंड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली कोलीन क्लोराइड आणि युरिया यांचे मिश्रण जगापुढे मांडले. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळते, युरिया १३३ अंशांना. एकास दोन रेणू या प्रमाणात दोन्ही पांढऱ्या भुकट्या चंचुपात्रात घेऊन गरम करत ढवळल्या, की कडेने ओलावा सुटू लागतो, गोळे विरघळतात आणि शेवटी पारदर्शक, दाट द्रव उरतो. तो गोठतो १२ अंशांना. यातला युरिया आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचा, आणि कोलीन क्लोराइड कोंबडीखाद्यात घालतात. अशा मिश्रणांना डीप युटेक्टिक द्रावक म्हणतात.

२००७ साली याच गटाने युरियाच्या जागी ग्लिसरीन घेतले आणि ते मिश्रण बायोडिझेल शुद्ध करायला वापरून पाहिले. काट्याने काटा काढायचा तो हा प्रकार. क्लोराइड आयन ग्लिसरीनच्या हायड्रॉक्सिल गटांना हायड्रोजन बंधांनी धरतो. मिश्रणात कोलीन क्लोराइडचे मीठ पुरेसे असेल तर आणखी ग्लिसरीन सामावायला जागा उरते. बायोडिझेलशी मात्र या द्रावकाचे जमत नाही. विलगकारी नरसाळ्यात दोन्ही एकत्र हलवून ठेवले की जड द्रावक खाली उतरतो आणि वरच्या थरातले ग्लिसरीन सोबत नेतो. पाण्याचा थेंबही लागत नाही. पुढे क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठातील संशोधकांनी हीच पद्धत पामतेलाच्या बायोडिझेलवर लावली आणि कॉस्टिक सोड्याच्या जागी वापरलेला, इंधनात उरलेला पोटॅशियम हायड्रॉक्साइडही अशा द्रावकांनी काढता येतो का, ते तपासले. पामतेलाच्या देशात हे काम व्हावे, हे स्वाभाविकच.

यातल्या काही प्रयोगांत फॉस्फोनियमची मिठे वापरली गेली. कोलीनच्या तुलनेत ती महाग आणि सजीवांना कमी मानवणारी, त्यामुळे सगळीच युटेक्टिक मिश्रणे सरसकट हिरवी धरू नयेत. खरी अडचण द्रावक परत मिळवण्याची आहे. ग्लिसरीन २९० अंशांना उकळते. ते उडवून लावायचे तर निर्वात पोकळी आणि उष्णता लागते, आणि जास्त तापवले तर कोलीनचे मीठच विघटित होते. दुसरा द्रावक घालून मीठ वेगळे करता येते, पण मग तोही परत मिळवावा लागतो. शिवाय इंधनात क्लोराइड मागे राहिले तर धातू गंजण्याची भीती. कुणी अशी यंत्रणा विकायला आले, तर मी आधी एवढेच विचारीन: पहिल्या पिंपातला द्रावक किती घाणे चालतो?

आपल्याकडे या प्रश्नाला धार आहे ती वापरलेल्या तळणाच्या तेलामुळे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि बाद तेल बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ योजना सुरू केली. पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात मोकळी मेदाम्ले जास्त असतात. ती आधी उतरवून घेतली नाहीत तर कॉस्टिकशी मिळून साबण बनतात, आणि साबण जितका जास्त तितक्या धुलाया जास्त. फरसाणवाल्यांच्या कढयांतून तेल गोळा करणाऱ्या, पाण्याची आधीच ओढाताण असलेल्या गावातल्या छोट्या कारखान्याला बिनपाण्याच्या धुलाईची गरज सर्वांत जास्त आहे.