क्रिएटिनिन वाढलंय, म्हणून मानेचं ऑपरेशन नको?

एका बाजूचा हात थोडा वेळ लुळा पडला, जीभ जड झाली आणि पुन्हा सगळं ठीक झालं. तपासणीत मेंदूकडे जाणारी मानेतली कॅरोटिड धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली, की धमनी उघडून आतला थर खरवडून काढायचं ऑपरेशन सुचवलं जातं. त्यातच क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, तर घरचे हबकतात. ‘किडनी आधीच खराब, त्यात हे कशाला?’

भीती निराधार नाही. मूत्रपिंडं थकली की रक्तातल्या प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत. ऑपरेशनमध्ये हेपॅरिन देऊन रक्त पातळ केलेलं असतं, त्यामुळे जखमेत रक्त साकळून श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो. रक्तदाबही हेलकावे खातो. सगळ्यात मोठी काळजी मात्र हृदयाची, कारण अशा रुग्णाच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा कडक झालेल्या असतात.

पण दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. ‘नॅसेट’ या उत्तर अमेरिकेतल्या गाजलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1991 साली आले. पुढे त्यातल्याच, मूत्रपिंडाचं काम मध्यम प्रमाणात घटलेल्या रुग्णांची आकडेवारी वेगळी काढून पाहिली गेली. लक्षणं दिसलेल्या आणि धमनी फार अरुंद झालेल्या रुग्णांत दोन वर्षांतला एक पक्षाघात टाळायला, मूत्रपिंडं धड असतील तर साधारण दहा ऑपरेशनं लागत होती. मूत्रपिंडं दुबळी असतील तर फक्त चार! ऑपरेशनदरम्यानचे पक्षाघात आणि मृत्यू दोन्हीकडे सारखेच होते, हृदयाचे त्रास तेवढे जास्त. नुसत्या गोळ्यांवर ठेवलेल्या किडनीच्या रुग्णांनाच पक्षाघात अधिक गाठत होता. त्यामुळे केवळ क्रिएटिनिनकडे बोट दाखवून ऑपरेशन नाकारणं मला अन्यायाचं वाटतं.

डायलिसिसवरच्या रुग्णाला हा हिशेब लागू होत नाही. तसे रुग्ण त्या चाचणीत नव्हतेच. काहीच लक्षणं नसतील, तर ऑपरेशनचा फायदा पदरात पडायला काही वर्षं जावी लागतात, धोका मात्र त्याच दिवशी पत्करावा लागतो. डायलिसिसवरच्या माणसाच्या बाबतीत तिथे औषधांवर थांबणंच बहुतेकदा शहाणपणाचं.

तपासणीतल्या डायचीही धास्ती असते. डॉप्लर सोनोग्राफीला डाय लागत नाही, उघड्या ऑपरेशनलाही सहसा नाही. स्टेंट बसवताना मात्र लागतो. लक्षणं येऊन गेली असतील, तर ऑपरेशनचा सर्वाधिक लाभ पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो. तेव्हा किडनीचे, हृदयाचे आणि धमनीचे डॉक्टर त्याच आठवड्यात एकमेकांशी बोलतील, असा आग्रह घरच्यांनी धरावा.