गर्भवतीचा रक्तक्षय : गोळी अर्ध्यावर सोडू नका

गरोदरपणी दम लागणे, चक्कर येणे, चेहरा फिकट पडणे ही लक्षणे ‘या दिवसांत असे व्हायचेच’ असे म्हणून आपल्या घरांत सहज दुर्लक्षिली जातात. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ५२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याचे प्रमुख कारण म्हणजे लोहाची कमतरता.

गर्भारपणात मातेचे रक्त वाढते आणि बाळ व वार यांनाही लोह लागते. संपूर्ण गरोदरपणात ही जादा गरज सुमारे एक ग्रॅम असते. ती केवळ आहारातून भागणे कठीण असते. म्हणून हिमोग्लोबिन चांगले असले तरीही चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी १८० दिवस घ्यावयाची असते. सरकारी केंद्रात विनामूल्य मिळणाऱ्या या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक ॲसिड असते.

हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजावा. ७ ते १०.९ दरम्यान असल्यास सामान्यतः रोज दोन गोळ्या देतात व दरमहा रक्त तपासतात. महिन्याभरात एका ग्रॅमचीही वाढ न झाल्यास डॉक्टर अन्य कारणे, उदाहरणार्थ थॅलेसेमिया वा सिकलसेल, तपासतात. गोळी सोसत नसेल किंवा प्रमाण ७ च्या खाली असेल, तर पहिल्या तिमाहीनंतर रुग्णालयात शिरेतून लोह देता येते. ५ च्या खाली गेल्यास तातडीने रुग्णालयात दाखल करणे आवश्यक असते. रक्त चढवावे लागू शकते.

पुष्कळ स्त्रिया मळमळ, बद्धकोष्ठता किंवा काळे शौच यांना घाबरून गोळ्या बंद करतात. शौच काळे होणे हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे. त्यात भिण्याचे कारण नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपण्यापूर्वी गोळी घ्यावी. चहा, कॉफी वा दुधाबरोबर मात्र ती घेऊ नये, कारण त्यामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळी व ही गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबू, आवळा, पेरू यांनी शोषण वाढते. मासे, मांस, कडधान्ये व पालेभाज्या आहारात असाव्यात. पण रक्तक्षय जडल्यावर आहार हा गोळीला पर्याय नव्हे.

हिमोग्लोबिन वाढले म्हणजे काम संपले असेही नव्हे. शरीरातील लोहाचा साठा भरून निघावा म्हणून प्रसूतीनंतरही १८० दिवस रोज एक गोळी घ्यावी.

प्रसूतीसमयी रक्तस्राव झाल्यास तो सोसण्याची शक्ती रक्तक्षयी मातेत नसते; तेथेच तिच्या जिवाला धोका असतो. म्हणून आजची गोळी घेतली का, हे पतीने व सासूबाईंनी रोज आपुलकीने विचारावे. ही जबाबदारी एकट्या गर्भवतीची नाही.