सह्याद्रीचे दोन उतार

आमच्या वसतिगृहात कोकणातील आणि माणदेशातील मुले एकाच पंगतीला बसत. आषाढात घरची पत्रे येत. महाडकडच्या पत्रात सावित्रीच्या पुराची वार्ता असे. दहिवडीकडच्या पत्रात कोरड्या विहिरीची. एकच आभाळ असा पंक्तिप्रपंच का करते, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासून पडला. वडीलधारी माणसे याला नशीब म्हणत. भूगोलाने आम्हांला निराळे उत्तर दिले.

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्पाने जड झालेले असतात. सह्याद्री आडवा येताच त्यांना वर चढावे लागते. उंचावर दाब कमी असल्याने चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. ढग बनण्यापूर्वी दर १,००० मीटरला तिचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने उतरते. हवा पुरेशी थंड झाली की बाष्पाचे जलबिंदू होतात आणि घाटमाथ्यावर पावसाची झड लागते. पूर्वेकडे उतरताना हीच हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. हीच पर्जन्यछाया.

महाबळेश्वरी वर्षाला सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून वीसेक किलोमीटरवरील पाचगणीत तो साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो आणि शंभरेक किलोमीटरवरील माण तालुक्यात जेमतेम ५०० मिलिमीटर उरतो. तोही बराचसा परतीच्या पावसाचा. म्हणूनच त्या भागातील अनेक कुटुंबांना पोटासाठी गाव सोडावे लागले.

तरीही डोंगर केवळ अडवत नाही. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा पूर्वेस वाहते आणि घाटमाथ्यावरचे पाणी कोरड्या मुलखाच्या दिशेने नेते. ते पाणी कोणाच्या शेतापर्यंत पोहोचावे, हे मात्र डोंगर ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात.

याची साक्ष महाड देते. सह्याद्रीच्या पायथ्याशी, भरपूर पावसाच्या त्या गावातही अस्पृश्य मानलेल्यांना चवदार तळ्याचे पाणी वर्ज्य होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. तेथील तहान पर्जन्यछायेची नव्हती.

निसर्गाने कोठे किती दिले आणि माणसाने कोठे किती अडविले, हा भेद ओळखता येणे, हेच आम्ही या शाळेतून नेलेले धन होय. पहिल्यासाठी पाणी अडवावे, जिरवावे, जपून वापरावे. दुसऱ्यासाठी मात्र नशिबाला बोल लावून स्वस्थ बसू नये.