प्रल्हादाचे गुरुजन आणि आजचे पालक

वैशाख शुद्ध चतुर्दशीचा सूर्य अस्ताला टेकला की श्रीक्षेत्र नरसिंहपुरी श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या जन्मसोहळ्याची घटका येते. पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर हे क्षेत्र वसलेले आहे. पैलतीर सोलापूर जिल्ह्याचा. सह्याद्रीत उगम पावलेल्या या दोन नद्या येथे एकमेकींस भेटतात आणि पुढे भीमा पंढरीस जाऊन चंद्रभागा म्हणविते. पेशवाईतील सरदार विंचूरकर घराण्याचे नाव येथील मंदिराच्या उभारणीशी निगडित असून श्रीनृसिंह हे त्या घराण्याचे कुलदैवत होय. महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबांचे कुलदेव येथेच असल्याने लग्नकार्यानंतर, बाळाच्या जावळानंतर माणसे या घाटावर येतात आणि लेकरांस देवाच्या पायांवर घालतात.

क्षेत्राची परंपरा सांगते की, येथील मूर्ती वाळूची असून ती स्वतः भक्त प्रल्हादाने संगमावर घडविली व पूजिली. मंदिरात प्रल्हादाचीही मूर्ती आहे. देवाइतकाच हा बालभक्तही या स्थानाचा धनी आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

प्रल्हादाची कथा आपण दरवर्षी ऐकतो ती भक्त आणि दैत्य यांची कथा म्हणून. कीर्तनकारबुवा स्तंभापाशी येऊन पोहोचतात तेव्हा श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात. परंतु श्रीमद्भागवताचा सातवा स्कंध सावकाश वाचला असता ध्यानात येते की, स्तंभ दुभंगण्यापूर्वीच्या तीन अध्यायांत, पाचव्यापासून सातव्यापर्यंत, मुख्यत्वे एका मुलाच्या शिक्षणाची हकीकत आहे. त्याला कोणी शिकविले, काय शिकविले आणि आईबाप त्या शिकविणाऱ्यांशी कसे वागले, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. ज्या घरांत शाळेत जाणारी मुले आहेत, त्या घरांनी नृसिंहजयंतीस या भागाचे मनन अवश्य करावे.

शंड, अमर्क आणि कोपलेला पिता

हिरण्यकशिपूने मुलाच्या शिक्षणात काही कमी केले नव्हते. दैत्यगुरू शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क हे राजवाड्याजवळच राहत. त्यांच्या स्वाधीन त्याने आपला पुत्र केला. मुलगा घरी आला की त्यास मांडीवर घेऊन, बाळा, आजवर जे शिकलास त्यातले तुला उत्तम काय वाटते, असे तो कौतुकाने विचारी. येथवर हा पिता आपल्यासारखाच आहे. आपणही संध्याकाळी मुलांना हेच विचारतो.

प्रल्हादाने हरिभक्तीचे उत्तर दिले तेव्हा पहिल्या खेपेस राजा हसला. कोणी परक्याने मुलाची बुद्धी फिरविली असावी, त्याच्यावर नजर ठेवा, असे त्याने बजाविले. दुसऱ्या खेपेस मात्र नवविध भक्तीचे विवेचन ऐकताच त्याचा संताप अनावर झाला आणि तो सर्वप्रथम कोसळला तो गुरुपुत्रावर. भर सभेत, मुलाच्या देखत, त्याने आपल्या मुलाच्या गुरूस दुरुत्तरे केली, विश्वासघातकी ठरविले. हे मी शिकविले नाही, अन्य कोणीही नाही, ही याची उपजतच बुद्धी आहे, असे सांगून त्या बिचाऱ्यास आपली सुटका करून घ्यावी लागली.

त्या घटकेपासून गुरू गुरू राहिले नाहीत. राजाच्या धाकाखालील चाकर झाले. पुढे मुलाचा छळ होऊनही काही उपयोग होईना, तेव्हा याच गुरुपुत्रांनी राजास सल्ला दिला की, शुक्राचार्य परत येईपर्यंत यास वरुणपाशांनी बांधून ठेवावे. ज्याने मुलाचा कैवार घ्यावयाचा, तोच त्यास बांधण्याची युक्ती सांगू लागला! याचा दोष एकट्या गुरूकडे जात नाही. बापाने ज्याचा मान मोडला, त्याच्यापाशी मुलासाठी उभे राहण्याचे बळ उरत नाही.

येथे एक विवेक केला पाहिजे. गुरूस प्रश्न विचारणे हा हिरण्यकशिपूचा अपराध नव्हता. आपल्या मुलास कोण काय शिकवितो, हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येक पित्यास आहे. त्याने तो मुलाच्या देखत आणि अपमानाच्या वाटेने बजाविला, तेथे तो चुकला. शिवाय आपल्या मर्जीबाहेरचा प्रत्येक वडीलधारा मनुष्य हा शत्रूच, असे तो धरून चालला.

कयाधूची सेवा

याच घरात दुसरे एक माणूस होते. त्याचे नाव कीर्तनातही ओझरतेच येते. ती प्रल्हादाची माता कयाधू. हिरण्यकशिपू मंदराचलावर तपास गेला असता इंद्राने दैत्यनगरी लुटली आणि गर्भवती कयाधूस तो ओढून नेऊ लागला. वाटेत नारदमुनी भेटले. या साध्वीच्या उदरी परम भागवत आहे, हिला सोड, असे सांगून त्यांनी तिला मुक्त केले आणि पती परत येईपर्यंत आपल्या आश्रमात आश्रय दिला. तेथे कयाधूने ऋषींची भक्तिभावाने सेवा केली आणि नारदांनी तिला धर्माचे व ज्ञानाचे मर्म सांगितले. उदरातील बाळाने ते ऐकले.

ही हकीकत प्रल्हाद आपल्या सवंगड्यांना सांगतो, तेव्हा तो एक फार हृद्य गोष्ट नोंदवितो. पुष्कळ काळ लोटल्यामुळे आईस तो उपदेश पुढे आठवेनासा झाला, पण माझी स्मृती मात्र ऋषींच्या कृपेने आजही शाबूत आहे.

वाचकहो, या एका तपशिलात आईबापांना किती मोठा दिलासा आहे! कयाधू पंडिता नव्हती. जो पाठ तिने ऐकला तो तिच्याही स्मरणात राहिला नाही. तरीही मुलाच्या पदरी ते धन पडले, कारण योग्य व्यक्तीच्या सान्निध्यात ती आदराने बसली होती. आपल्यापैकी कित्येकांना मुलांचे बीजगणित येत नाही, इंग्रजी उमजत नाही. कित्येक घरांतील आईबाप शाळेची पायरीही चढलेले नाहीत. अशांनी खंत करू नये. शिकविणाऱ्याचा मान राखणे हे ज्याला साधले, त्याने मुलाच्या शिक्षणातला आपला वाटा उचलला, असेच कयाधूचे चरित्र सांगते.

आपल्या मुलखातील दाखले

विद्यावंतास घराने आधार द्यावा, ही या नीरा-कऱ्हेच्या मुलखाची जुनी चाल आहे. नरसिंहपूरच्या शेजारच्याच बारामती परगण्यात मोरोपंत (१७२९–१७९४) नांदले. पन्हाळ्यास केशव व गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांचे अध्ययन झाले आणि बारामतीस बाबूजी नाईकांनी त्यांना आश्रय दिला. एका घराने एका पुराणिकाची चिंता वाहिली, म्हणून त्या पुराणिकास आयुष्यभर सरस्वतीची सेवा करता आली.

पण आश्रय देण्यास संपत्तीच लागते असे नाही. याच पुणे जिल्ह्यातील महात्मा जोतीराव फुले यांचे बालपण पाहावे. त्यांचे वडील गोविंदराव यांनी इतरांच्या सांगण्यावरून मुलाचे नाव शाळेतून काढले आणि त्यास शेतमळ्याच्या कामास लावले. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांना त्या मुलाची हुशारी दिसत होती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. गोविंदरावांनी आपला निर्णय बदलला आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. हे दोघे गुणग्राहक ना जातीचे, ना गोताचे. शेजाऱ्यांनी आपल्या मुलाविषयी चार शब्द सांगावेत आणि बापाने ते मान खाली न घालता, राग न धरता ऐकावेत, ही गोष्ट आजही सोपी नाही. ती घडली म्हणूनच १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव महाराष्ट्रास लाभले. पुढे समाजाच्या दडपणाखाली याच गोविंदरावांनी मुलास व सुनेस घर सोडावयास लावले, हेही खरे. गुरुजनांच्या पाठीशी उभे राहणे हे व्रत एका दिवसाचे नसते. ते पुनःपुन्हा पाळावे लागते.

दुसरा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेला आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे धर्मनिष्ठ कबीरपंथी गृहस्थ. घरी मुलांकडून ते रामायण-महाभारताचे वाचन करवीत. मुलगा एक परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा समाजातील मंडळींनी सभा भरवून त्याचे कौतुक करण्याचे ठरविले. रामजींनी साफ नकार दिला. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा मंडळींनी रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजी यांना मध्यस्थी करण्याची विनंती केली. थोडी वादावादी झाली आणि अखेर पित्याने गुरुजींचे ऐकले. सभा झाली. त्या सभेत केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळूसकर गुरुजींचाच पुढाकार होता. रामजींनी त्या दिवशी हट्ट धरला असता तर? शिस्तप्रिय पित्याने एका शिक्षकासाठी आपला शब्द मागे घेतला, यात त्याची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

आधार म्हणजे आंधळेपणा नव्हे

पूर्वी आईबाप पंतोजींच्या स्वाधीन मूल करीत आणि हवे तर मारा पण शिकवा, असे म्हणून मोकळे होत. तोही आधार नव्हे. ती जबाबदारी झटकणे झाले. राजा आणि शंडामर्क यांची एकी भयाच्या पायावर झाली होती आणि तिच्यात मूल एकटे पडले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली, ती योग्यच होय. मूल घाबरून काही सांगत असेल, एखाद्या वडीलधाऱ्याच्या सहवासाची त्यास भीती वाटत असेल, तर ती व्यक्ती शाळेतील असो, तालमीतील असो वा देवळातील, आधी मुलाचे ऐकावे. देवसुद्धा स्तंभातून प्रकटले ते मुलाचा शब्द खरा करण्यासाठी, हे विसरू नये.

परंतु अशा गंभीर गोष्टी सोडल्यास नित्याच्या व्यवहारात घडते ते निराळेच. मुलगा गृहपाठ न केल्याबद्दल बोलणी खाऊन येतो आणि घरात, जेवणाच्या पानावर, त्याच्याच देखत बाईंची किंवा गुरुजींची टवाळी होते. दुसऱ्या दिवशी तेच मूल त्याच गुरुजींसमोर बसते. मात्र आता त्याच्या कानांत घरचे बोल घुमत असतात. शंका असेल तर ती शाळेत जाऊन, मुलास बाजूस ठेवून, शांतपणे विचारावी. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीतील निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. प्रश्न विचारण्यासाठी हे सन्मानाचे व्यासपीठ आहे. कायद्याने मिळालेली ती जागा रिकामी ठेवून गावच्या पारावर शाळेस नावे ठेवण्यात काय पुरुषार्थ?

बारामती-इंदापूरचा हा परिसर उसाचा. गळीत हंगामात दूरदूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि पाठोपाठ त्यांची मुले. त्यांच्यासाठी साखरशाळा चालविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. तेथे शिक्षक खोपीखोपीवर जाऊन मुले गोळा करतात. पहाटे फडात जाणाऱ्या माउलीने धाकट्यास सांभाळण्यासाठी थोरलीला मागे न ठेवता तिला शाळेस धाडावे, हा तिच्या परीने केवढा त्याग आहे! तिच्यापाशी देणगी नाही, सभेस येण्यास वेळ नाही. पण शिक्षकाने दारी येऊन हाक मारली आणि तिने मुलीचा हात त्याच्या हाती दिला, यात कयाधूचीच श्रद्धा आहे. आणि ज्यांच्या शेतात हा ऊस उभा असतो, त्या आम्हां घरांनी त्या शिक्षकाची साधी विचारपूस केली, बसावयास सावलीची जागा दिली, तर श्रीनृसिंहाची ती एक पूजाच ठरेल.

कथेच्या अखेरीस, दैत्याचा वध झाल्यावर, प्रल्हादाने देवाजवळ काय मागितले? आपल्या पित्यास दोषमुक्त करावे, एवढेच. त्यावर देवाने सांगितले की, तुझ्यासारखा पुत्र ज्या कुळात जन्मला, ते कूळ एकवीस पिढ्यांसह पावन झालेच आहे. ज्या गुरुवचनाचा पित्याने द्वेष केला, त्याच गुरुवचनाने घडलेल्या मुलाने अखेर पित्यास तारले. मुलास चांगले मार्गदर्शन लाभले तर त्याचे पुण्य घरासही लागते, मग घराने त्यास विरोध केलेला असो वा साह्य. मात्र साह्य करणाऱ्या घरास स्तंभ फुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

सध्या मुलांना सुटी आहे. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पाटी-दप्तराच्या खरेदीबरोबर आणखी एक गोष्ट करावी. मुलाचे बोट धरून त्याच्या गुरुजींना, बाईंना भेटावे, मुलास त्यांना नमस्कार करावयास सांगावे आणि त्याच्या देखत त्यांना म्हणावे, की हे मूल जसे आमचे तसे तुमचे. नरसिंहपूरच्या घाटावर लेकरू देवाच्या पायांवर घालताना जो भाव मनात असतो, तोच भाव त्या वेळी असू द्यावा. श्रीलक्ष्मीनृसिंह सर्व मुलांचे आणि त्यांना घडविणाऱ्या थोरामोठ्यांचे रक्षण करो.